बँकेच्या चिल्लरीत जुनी चांदी शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारे ओळखीचे लोक आणि त्यांचे भारतातले नातेवाईक मला या छंदाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी माहिती अमेरिकेतल्या नाण्यांची आणि बँकांची आहे. भारताबद्दलचे प्रश्न शेवटी आहेत. एका उत्तरात सांगितलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा छंद म्हणजे नेमकं करायचं काय?

बँकेत जाऊन नाण्यांचे कागदात गुंडाळलेले रोल दर्शनी किमतीला घ्यायचे. घरी आणून उघडायचे, एकेक नाणं पाहायचं, जुनं चांदीचं निघालं तर बाजूला ठेवायचं आणि बाकीची नाणी पुन्हा बँकेत भरायची. दहा डॉलर देऊन दहा डॉलरचीच नाणी मिळतात, त्यामुळे काहीच सापडलं नाही तरी पैसे बुडत नाहीत. खर्च होतो तो वेळ, पेट्रोल आणि बँकेतल्या माणसांचा सद्भाव. यातला तिसरा खर्च लोक विसरतात, म्हणून त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

२. चांदीची नाणी बंद होऊन साठ वर्षं झाली. आता कोणी सोडली असतील का?

बहुतेक कोणी सोडली नाहीत. १९६४ पर्यंत अमेरिकेच्या डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर (पन्नास सेंट) या नाण्यांमध्ये ९० टक्के चांदी असे. चांदीचा भाव चढत गेला, नाण्यांची टंचाई झाली आणि जुलै १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. डाइम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण गेली, हाफ डॉलरमधली ४० टक्क्यांवर आली. चांदीची नाणी साठवून कुणाला फायदा होणार नाही, असं जॉन्सन यांनी सहीच्या वेळी सांगितलं होतं. लोकांनी ते मनावर घेतलं नाही आणि काही वर्षांतच चांदी दुकानांच्या गल्ल्यांतून नाहीशी झाली. पुढे जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचला, तेव्हा घरात जपलेली कितीतरी नाणी भट्टीत गेली.

तरीही काही परत येतात. आजोबा जातात, कपाटातला डबा नातवाच्या हाती लागतो, तो न पाहता बँकेत ओततो. घर रिकामं करताना बरण्या निघतात. कोणी अडचणीत साठवलेलं खर्चून टाकतं. रोलमध्ये सापडलेल्या प्रत्येक चांदीच्या नाण्यामागे असं कुठलं तरी घर असतं. मला या छंदात ओढून धरणारी गोष्ट मुख्यतः हीच आहे.

३. कुठल्या नाण्यात किती चांदी असते?

एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं.

डाइम, क्वार्टर, हाफ डॉलर: १९६४ आणि त्याआधीचे सगळे ९० टक्के. पुढची नावं नाण्यांवरच्या चित्रांची. डाइममध्ये १९१६ ते १९४५ चा मर्क्युरी आणि १९४६ पासूनचा रूझवेल्ट. क्वार्टरमध्ये १९३२ पासूनचा वॉशिंग्टन. त्याआधीचा क्वचितच दिसतो. हाफमध्ये १९१६ ते १९४७ चालती लिबर्टी, १९४८ ते १९६३ फ्रँकलिन आणि १९६४ चा केनेडी.

हाफ डॉलर १९६५ ते १९७०: ४० टक्के. १९७० चा फक्त संग्राहकांच्या संचात निघाला, त्यामुळे रोलमध्ये पाहायचे ते मुख्यतः १९६५ ते १९६९.

निकेल (पाच सेंट): १९४२ च्या अखेरीपासून १९४५ पर्यंतची ३५ टक्के (प्रश्न १३).

पेनीत (एक सेंट) चांदी कधीच नव्हती.

वजनाचाही अंदाज असू द्या. चांदीचा क्वार्टर ६.२५ ग्रॅम, आजचा ५.६७. चांदीचा डाइम २.५० ग्रॅम, आजचा २.२७ च्या आत. हाफ डॉलर ९० टक्क्यांचा १२.५०, ४० टक्क्यांचा ११.५० आणि साधा ११.३४ ग्रॅम. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेतला तर बरेच वाद तिथल्या तिथे मिटतात.

४. प्रत्येक नाण्यावरचं साल वाचत बसायचं का?

डाइम आणि क्वार्टरसाठी अजिबात नाही. कड पाहा. आजची नाणी तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचे पत्रे चढवून केलेली असतात, त्यामुळे दातेरी कडेवर तांबूस पट्टा ठळक दिसतो. चांदीच्या नाण्याची कड आरपार पांढरी. रोलचा कागद फाडून नाणी तशीच लांबट ट्रेमध्ये आडवी ठेवा आणि दिवा बाजूने येऊ द्या. चाळीस क्वार्टरच्या रांगेत तांबूस रेघांमध्ये एकच रेघ पांढरी दिसली की बोट आपोआप तिथे जातं. सवय झाली की एका रोलला काही सेकंद पुरतात.

दोन सावधगिरी. काही साध्या नाण्यांच्या कडेवर पत्रा ओढला गेलेला असतो आणि तांबं झाकलं जातं, अशा वेळी साल पाहावंच लागतं. उलट, चांदीचं नाणं वर्षानुवर्षं हवेत राहून काळवंडलं असेल तर कड पांढरी न दिसता करडी, कधी जांभळट दिसते.

आवाजानेही ओळखता येतं. चांदीचं नाणं टेबलावर पडलं की खणखणीत आणि लांब वाजतं, साधं नाणं बद्द वाजून थांबतं. सापडलेलं नाणं मात्र आवाज ऐकायला आपटू नका, एक झिजलेला १९६४ चा डाइम त्यासाठी वेगळा ठेवा.

हाफ डॉलरला ही युक्ती अर्धीच लागू पडते (प्रश्न १४).

५. बँकेत जाऊन काय म्हणायचं? खातं लागतं का?

बहुतेक ठिकाणी खातं लागतं आणि ते असणंच चांगलं. "क्वार्टरचे रोल आहेत का?" एवढं विचारलं तरी पुरे. टेलरने, म्हणजे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने, कारण विचारलं तर खरं सांगा, मी जुनी नाणी गोळा करतो. यात लपवण्यासारखं काही नाही आणि नाणी जमवणारा माणूस म्हणून ओळख झाली की टेलर स्वतःहून सांगतात, "कालच एका आजींनी जुनी नाणी आणून दिली."

रोलचं गणित असं: निकेलच्या रोलमध्ये ४० नाणी, २ डॉलर. डाइमच्या ५०, ५ डॉलर. क्वार्टरच्या ४०, १० डॉलर. हाफच्या २०, १० डॉलर. पन्नास रोलचा एक बॉक्स. म्हणजे निकेलचा बॉक्स १०० डॉलरचा, डाइमचा २५० चा, क्वार्टर आणि हाफचा ५०० चा. बॉक्स सहसा आधी सांगून मागवावा लागतो. फी लागते का, हे मागवण्याआधीच विचारा. फी लागत असेल तर त्या शाखेतून बॉक्स घेऊ नका, सगळं गणितच बिघडतं.

रोल दोन प्रकारचे मिळतात: यंत्राने गुंडाळलेले आणि ग्राहकाने हाताने भरलेले. हाताने भरलेला, कागद जुनाट पिवळा पडलेला रोल दिसला तर तोच आधी मागा. त्यातली नाणी कुणाच्या तरी घरात किती वर्षं होती, कोण जाणे.

बॉक्स उचलताना पाठ सांभाळा. क्वार्टरचा बॉक्स सव्वाअकरा किलोंच्या वर भरतो.

६. सुरुवात कुठल्या नाण्यापासून करू?

हाफ डॉलरपासून. ही नाणी रोजच्या व्यवहारात जवळजवळ वापरली जात नाहीत, त्यामुळे एकदा बँकेत आलेली तशीच पडून राहतात. २००२ ते २०२० या काळात टांकसाळीने ती चलनासाठी काढलीच नाहीत, फक्त संग्राहकांना विकली. शिवाय ४० टक्क्यांची नाणी ही वरकड संधी. १९६४ चे केनेडी हाफ ४० कोटींहून जास्त पाडले गेले होते. अध्यक्षांची हत्या होऊन काही महिनेच झाले होते आणि लोकांनी ते आठवण म्हणून जपून ठेवले. आज सापडणाऱ्या हाफमध्ये ते साल वारंवार दिसतं.

अडचण ही की हाफ डॉलर सगळ्या शाखांत नसतात. टेलरच्या ड्रॉवरच्या कोपऱ्यात चार-पाच सुटे पडलेले असतात, तेही मागून घ्या.

हाफ मिळत नसतील तर डाइम. एका बॉक्समध्ये २,५०० नाणी, वजन पावणेसहा किलोंच्या आत आणि कडेवरून झटपट तपासणी. क्वार्टरवर राज्यांची चित्रं आल्यापासून लोक ते बारकाईने पाहू लागले, त्यामुळे चांदीचा क्वार्टर इतरांच्या नजरेतून सुटून तुमच्यापर्यंत येणं अवघड आहे.

७. किती सापडतं? यातून पैसे मिळतात का?

अख्ख्या क्वार्टरच्या बॉक्समध्ये एकही चांदीचं नाणं न निघणं हे नेहमीचंच आहे. डाइममध्ये अधूनमधून निघतं. हाफमध्ये कधी सलग कित्येक रोल कोरडे जातात आणि मग एकाच रोलमध्ये ओळीने पाच-सहा निघतात, कारण कुणीतरी घरचा साठा एकगठ्ठा भरलेला असतो. इंटरनेटवर अख्खा रोल चांदीचा निघाल्याची चित्रं दिसतात. कोरड्या बॉक्सची चित्रं कोणी टाकत नाही.

हे उत्पन्नाचं साधन समजून कोणी सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तासांचा हिशोब मांडला तर कुठलंही अर्धवेळ काम यापेक्षा बरं. पण संध्याकाळी जेवणानंतर टेबलावर रोल उघडत बसण्यात आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं नाणं दर्शनी किमतीत हाती येण्यात जे सुख आहे, ते ज्याला कळतं त्याला या हिशोबाची गरज लागत नाही.

८. तपासून झालेली नाणी कुठे द्यायची?

घ्यायची बँक आणि भरायची बँक वेगळी ठेवा. ज्या शाखेतून रोल घेता तिथेच दुसऱ्या दिवशी फाडलेली नाणी ओतली तर त्यांच्यावर कामाचा दुहेरी बोजा पडतो. आणि फिरून तीच नाणी तुमच्याकडे येण्याची शक्यताही वाढते. भरायला शक्यतो नाणी मोजण्याचं यंत्र असलेली बँक किंवा क्रेडिट युनियन (सभासदांची पतसंस्था) शोधा, जिथे खातेदारांकडून फी घेत नाहीत. कॉइनस्टारसारख्या सुपरमार्केटमधल्या यंत्रात रोख पैसे घेतले तर दहा टक्क्यांहून जास्त कापले जातात, तिथे नाणी भरू नका.

आपली नाणी ओळखू यावीत म्हणून काहीजण त्यांवर मार्करने ठिपका देतात. मला ते पटत नाही. नाणं सगळ्यांच्या वापराचं आहे, त्यावर आपली खूण कशाला?

९. आमच्या शाखेतले टेलर आता मला पाहून वैतागतात. काय करू?

आधी त्यांच्या बाजूने पाहा. प्रत्येक बॉक्स त्यांना मागवावा लागतो, तिजोरीतून आणावा लागतो, त्याची नोंद करावी लागते. तुमच्या मागे रांग असते. या सगळ्याचे त्यांना जास्तीचे पैसे मिळत नाहीत.

म्हणून शुक्रवारी दुपारी आणि महिन्याच्या पहिल्या तारखांना जाऊ नका. मागवलेला बॉक्स सांगितलेल्या दिवशी न्याच. फोन करून "आज येत नाही" म्हणणारा ग्राहक टेलरच्या कायमचा लक्षात राहतो. रोल भरून परत देत असाल तर नाणी मोजून, बरोबर भरा. एकदा रोलमध्ये एक नाणं कमी निघालं की पुढचे सगळे रोल फोडून मोजले जातात. आणि एखाद्या शाखेने "आता नको" म्हटलं तर हसून आभार मानून बाहेर पडा, हुज्जत घालू नका. तुमच्यानंतर तिथे दुसरा कोणीतरी हाफ डॉलर मागायला जाणार असतो.

१०. यंत्राच्या परतीच्या खणात चांदी सापडते, हे खरं का?

खरं आहे. नाणी मोजणारी यंत्रं नाण्याचा धातू तपासतात. चांदीच्या नाण्याचं वजन आणि विद्युतगुण वेगळे असल्यामुळे यंत्र ते स्वीकारत नाही, खालच्या खणात टाकतं. घाईतला माणूस ते तिथेच सोडून जातो. परदेशी नाणी, वाकलेली पेनी, टोकन यांबरोबर कधीकधी डाइम निघतो. जाता-येता बोटाने चाचपून पाहायला हरकत नाही. यंत्रापाशी कोणी उभं असेल तर मात्र ती नाणी त्याची आहेत, आधी त्याला दाखवा.

११. हे सगळं कायदेशीर आहे ना? आणि चांदीची नाणी वितळवता येतात का?

नाणी घेणं, निवडणं आणि उरलेली भरणं यात बेकायदेशीर काही नाही. चांदीची नाणी वितळवण्यावर १९६७ ते १९६९ या काळात बंदी होती, ती उठली. आज बंदी आहे ती पेनी आणि निकेल वितळवण्यावर. तांबं आणि निकेल महागल्यावर ती २००६ च्या डिसेंबरमध्ये आली आणि २००७ मध्ये पक्की झाली. या नाण्यांची निर्यातही मर्यादित आहे. तांब्याच्या पेनी पोत्याने साठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कायदा परवानगी देतो म्हणून चांदीचं नाणं वितळवूच नका, ही माझी विनंती. मोडीच्या भावातही नाणं नाणं म्हणूनच विकलं जातं. वितळवून लगड केली तर तिचा कस पुन्हा सिद्ध करावा लागतो.

१२. मोठी रोकड काढली-भरली तर चौकशी होते का?

एका दिवसात १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोख काढली किंवा भरली तर बँक सरकारकडे अहवाल पाठवते. तो नेमाचा कागद आहे, आरोप नव्हे. गुन्हा ठरतो तो अहवाल टाळण्यासाठी रक्कम मुद्दाम तुकड्यांत भरणं, पैसा पूर्ण स्वच्छ असला तरी. व्हिसावर असणाऱ्यांनी तर या भानगडीत पडूच नये. दोन-चार बॉक्सचा छंद या आकड्याच्या जवळही जात नाही.

१३. युद्धकाळातलं निकेल कसं ओळखायचं?

मागची बाजू पाहा. मॉन्टिचेलो या इमारतीच्या घुमटाच्या वर मोठ्ठं अक्षर दिसेल: पी, डी किंवा एस, म्हणजे फिलाडेल्फिया, डेन्व्हर किंवा सॅन फ्रान्सिस्को या टांकसाळीची खूण. इतर वर्षांत ही खूण बारीक आणि दुसरीकडे असते, १९८० च्या आधी फिलाडेल्फियाची तर नसायचीच. दुसऱ्या महायुद्धात निकेल धातू शस्त्रांसाठी हवा होता, म्हणून ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज असं मिश्रण केलं आणि पुढे ही नाणी वेगळी काढता यावीत म्हणून अक्षर मोठं ठेवलं.

कडेवरून ती सापडत नाहीत आणि वजनही साध्या निकेलइतकंच, ५ ग्रॅम. पण रंग सांगतो. मँगनीजमुळे जुनं नाणं मळकट, हिरवट-काळसर झाक धरतं आणि नव्या निकेलच्या ढिगात उदास दिसतं. १९४३, १९४४ आणि १९४५ ची सगळी चांदीची. १९४२ ची दोन्ही प्रकारची आहेत, तिथे मोठं अक्षर हीच खूण, आणि ते पी किंवा एस असेल.

१४. हाफ डॉलरची कड ना धड पांढरी, ना धड तांबूस. हे काय?

बहुधा ४० टक्के चांदी. या नाण्यांचे बाहेरचे थर ८० टक्के चांदीचे आणि गाभा जेमतेम २१ टक्क्यांचा, त्यामुळे कडेवर पट्टा असतो, पण फिकट आणि करडा. कमी उजेडात तो साध्या नाण्यासारखाच वाटतो. म्हणून हाफ डॉलरची कड पाहून झाली तरी केनेडीची सालं वाचाच. १९६५, ६६, ६७ च्या नाण्यांवर टांकसाळीची खूण नसते. १९६८ आणि ६९ च्या चलनी नाण्यांवर डी असतो. १९७१ पासूनच्या चलनी हाफमध्ये चांदी नाही.

१५. पांढरी पेनी, १९६४ चं निकेल, १७७६–१९७६ चा क्वार्टर, मोठा आयसेनहॉवर डॉलर: यांत चांदी आहे का?

पांढरी पेनी १९४३ ची असते. ती पोलादाची आहे, जस्ताचा मुलामा दिलेली, लोहचुंबकाला चिकटते. चांदी नाही, पण ठेवा.

१९६४ चं निकेल: नाही. "१९६४ म्हणजे चांदी" हे सूत्र निकेलला लागू नाही.

१७७६–१९७६ असं दुहेरी साल असलेले क्वार्टर आणि हाफ स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे. चलनातले साधे. ४० टक्के चांदीचे फक्त संग्राहकांच्या संचात होते, त्यांवर एस खूण आहे. पण एस खूण असलेले साधेही निघाले, म्हणून कड आणि काटा दोन्ही पाहा.

आयसेनहॉवर डॉलरचंही तसंच. बँकेत मिळणारे जवळजवळ सगळे साधे.

१६. १९६५ चा क्वार्टर चांदीचा असू शकतो का?

असू शकतो, पण ती टांकसाळीची चूक असते. बदलाच्या काळात चांदीच्या काही चकत्या नव्या सालाच्या छापाखाली गेल्या. उलटही झालं, १९६४ साल असलेली काही नाणी साध्या चकत्यांवर उमटली. पांढऱ्या कडेचा १९६५ चा क्वार्टर दिसला तर आधी वजन करा. ५.६७ ग्रॅमच्या आसपास भरला तर साधाच आहे, कडेवर पत्रा ओढला गेलाय. ६.२५ च्या जवळ भरला तर हात न लावता पाकिटात ठेवा आणि नाणी प्रमाणित करणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्या, त्याची किंमत चांदीच्या कितीतरी पट असते.

१७. २००० नंतरचा क्वार्टर, एस खूण आणि कड पांढरी. खोटा आहे का?

बहुतेक अस्सल चांदीचा आहे. १९९२ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत संग्राहकांसाठी चांदीचे प्रूफ संच निघतात. २०१८ पर्यंत ९० टक्के, २०१९ पासून ९९.९ टक्के. कोणीतरी संच फोडून खर्च केला की ते रोलमध्ये येतात. आरशासारखी पार्श्वभूमी आणि टोकदार चित्र ही प्रूफची ओळख. बोटांत हाताळलं गेलेलं असेल तर ती चमक मरते, मग कड पाहावी.

१८. कॅनडाची नाणी निघतात. त्यांचं काय?

सीमेजवळच्या राज्यांत बरीच निघतात. कॅनडाच्या डाइम-क्वार्टरमध्ये १९६६ पर्यंत ८० टक्के चांदी होती. १९६७ ची काही ८० आणि काही ५० टक्क्यांची, १९६८ ची काही ५० टक्क्यांची. इथे लोहचुंबक कामाला येतो: १९६८ ची निकेल धातूची नाणी चुंबकाला चिकटतात, चांदीची चिकटत नाहीत.

१९. चांदी नसली तरी आणखी काय बाजूला ठेवावं?

डब्ल्यू खूण असलेले २०१९ आणि २०२० चे क्वार्टर. वेस्ट पॉइंट टांकसाळीने त्या दोन वर्षांत दरवर्षी पाच चित्रांचे प्रत्येकी २० लाख पाडून मुद्दाम चलनात सोडले. १९५८ पर्यंतच्या, मागे गव्हाच्या लोंब्या असलेल्या पेनी. १९१३ ते १९३८ ची बायसनची निकेल, त्यांवरचं साल बहुधा झिजून गेलेलं असतं.

आणि चांदीच्या नाण्यांतही साल आणि खूण पाहिल्याशिवाय कुठलंच मोडीत विकू नका. १९१६ चा डी खुणेचा मर्क्युरी डाइम फक्त २,६४,००० पाडला होता. १९३२ चे डी आणि एस खुणेचे क्वार्टरही दुर्मीळ. जुन्या क्वार्टरवर ती खूण मागे, पुष्पचक्राच्या खाली असते.

२०. काळं पडलेलं नाणं घासून उजळू का?

नाही. रांगोळी, दातमंजन, चिंच, लिंबू, सोडा, ज्यांनी आपण घरची चांदीची भांडी घासतो त्यांतलं काहीही नाही. घासल्यावर नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात आणि तिरप्या उजेडात जाणकाराला ते लगेच दिसतात. साध्या झिजलेल्या नाण्याचं यात फार नुकसान होत नाही, पण दुर्मीळ नाण्याची किंमत निम्म्याहूनही खाली येऊ शकते. चिकट मळ असेल तर कोमट पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपा, पुसू नका. ठेवताना मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकचे कप्पे टाळा, त्यातून सुटणाऱ्या रसायनाने नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

२१. सापडलेल्या चांदीची किंमत कशी काढायची, आणि विकायची कुठे?

सोपं सूत्र: ९० टक्क्यांच्या नाण्यांची एकूण दर्शनी किंमत गुणिले ०.७१५ गुणिले चांदीचा औंसाचा भाव. (हा ३१.१ ग्रॅमचा ट्रॉय औंस. नवं असताना एका डॉलरच्या चिल्लरीत ०.७२३ औंस चांदी असे, झीज धरून ०.७१५.) समजा भाव ३० डॉलर आहे, तर चार क्वार्टरचे साधारण साडेएकवीस डॉलर. ४० टक्क्यांच्या एका हाफमध्ये ०.१४८ औंस, युद्धकाळातल्या निकेलमध्ये ०.०५६ औंस.

विकायला नाण्यांचं दुकान बरं. ते यातून आपला कट घेतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. कस कमी असल्यामुळे ४० टक्क्यांची नाणी आणि निकेल यांना बऱ्याचदा त्या मानाने कमी देतात. नफ्यावर कर लागतो. तुमची खरेदी किंमत म्हणजे दर्शनी किंमत. वर्षाहून जास्त ठेवून विकली तर संग्राह्य वस्तूंचा दर लागतो, तो जास्तीत जास्त २८ टक्के.

२२. मुलांना यात घेता येईल का?

नक्की घ्या. डाइमचे दोन रोल, एक भिंग आणि सालं लिहायला वही एवढं पुरतं. नाणं कडेला धरायचं, चेहऱ्यावर बोट टेकवायचं नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवा. नाणी हाताळून बोटं काळी होतात, नंतर साबणाने हात धुवायला लावा. अगदी लहानांना लांब ठेवा, डाइम गिळण्याचा धोका खरा आहे.

२३. लक्ष्मीपूजनाला हे हाफ डॉलर ठेवले तर चालतील का?

आमच्याकडे ठेवतो. पूजेसाठी विकत मिळणारं चांदीचं नाणं बहुधा ९९.९ टक्क्यांचं असतं, हे ९० टक्क्यांचं. पण राणीछाप रुपयाही शंभर नंबरी नव्हता: ११.६६ ग्रॅम वजन, ९१.७ टक्के चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. ९० टक्क्यांच्या हाफ डॉलरमध्ये ती सव्वाअकरा ग्रॅम भरते. पंचामृताचा अभिषेक करणार असाल तर त्यासाठी झिजलेला १९६४ चा केनेडी वापरा आणि नंतर साध्या पाण्याने धुऊन टिपून ठेवा. चांगल्या अवस्थेतलं चालत्या लिबर्टीचं नाणं दह्या-मधात बुडवू नका, ताटात नुसतं ठेवा.

२४. भारतात बँकेतून नाण्यांच्या पिशव्या घेऊन असं शोधता येईल का?

चांदीसाठी नाही. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ चा रुपया निकेलचा झाला आणि जुने चांदीचे रुपये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच मागे घेतले गेले. नंतर चांदी आली ती विशेष नाण्यांत, जसं १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं, १५ ग्रॅम वजनाचं, ८० टक्के चांदीचं. ते चिल्लरीत मिळत नाही. स्मारक नाणी, टांकसाळीच्या खुणा, छापातल्या चुका यांसाठी मात्र भारतातली चिल्लर जरूर तपासा. मुंबई टांकसाळीची खूण सालाखालचा हिऱ्याच्या आकाराचा ठिपका आणि नोएडाची गोल ठिपका, एवढ्यावरूनही सुरुवात होते. नाणी वितळवणं मात्र २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२५. गावी आजीकडे राणीछाप रुपये आहेत. ते अमेरिकेत आणून माझ्या संग्रहात ठेवू का?

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. व्हिक्टोरिया आणि सातवा एडवर्ड यांचे सगळे रुपये त्यात येतात, पाचव्या जॉर्जचेही बरेच. विमानतळावर सामानात सापडले तर जप्त होतात, वर कारवाई होते. ते घरातच राहू द्या. पुढच्या वेळी जाल तेव्हा आजीजवळ बसून ते कुठून आले ते विचारा, प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन टिपून ठेवा, आणि ते कुणी चिंचेने घासणार नाही एवढं घरच्यांना सांगा.